पशुधन पर्यवेक्षक भरती: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडतो

खेड्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर फिरतीवर गेले की मलमपट्टी, लसीकरण, कृत्रिम रेतन ही कामं पशुधन पर्यवेक्षकावर येतात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ च्या कलम ३० नुसार अशा किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच देता येतात, आणि त्यासाठी पदविका किंवा प्रमाणपत्र लागतंच. दवाखान्यात मदतनीस म्हणून दहा वर्षं काढली असली, तरी नुसत्या अनुभवावर अर्ज भरता येत नाही.

पशुसंवर्धन विभागाच्या २०२३ च्या जाहिरातीत ४४६ पदं होती, त्यांतली ३७६ पशुधन पर्यवेक्षकांची. अर्जाची मुदत होती २७ मे ते ११ जून. एवढ्या दिवसांत जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर (कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला) आणि अधिवास यांतलं काहीही सहसा नव्याने काढून होत नाही. कागद जाहिरातीची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.

शिक्षण: दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त पशुधन पर्यवेक्षक किंवा दुग्धव्यवसाय पदविका. पशुवैद्यक पदवीधरही चालतात. वय साधारणपणे खुल्या प्रवर्गाला १८ ते ३८, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत.

दवाखान्यात प्रात्यक्षिकासाठी असलेल्या शेवटच्या सत्राच्या मुलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पात्रता मोजली जाते ती अर्जाच्या शेवटच्या तारखेला. परीक्षा झाली पण निकाल त्या तारखेनंतर लागला, तर अर्ज बाद. २०२३ ला फी १००० रुपये होती, मागासवर्गीयांना ९००. ती परत मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रीमी लेअरचा. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला तो लागतो. अनुसूचित जाती-जमातींना नाही. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे, पण इतर मागासवर्गाच्या बाबतीत त्यात पालकांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे शिक्षकाची किंवा बागायतदाराची मुलं उगाच खुल्यातून अर्ज भरतात. तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला जोडून महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करा. दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा, केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला चालत नाही. मुदतीची तारीखही वाचून घ्या. विवाहित महिलांचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच लागतो.

२०२३ चा अर्ज आयबीपीएसच्या (बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था) पोर्टलवर होता. तिथे फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी आणि इंग्रजीत स्वहस्ते लिहिलेलं घोषणापत्र ५० ते १०० केबी लागतं. सही मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत केली तर नाकारतात. फिनेल आणि पोटॅशच्या पाण्याने सुकलेल्या अंगठ्याचा ठसा फिका उठतो. अंगठा कोमट पाण्याने धुऊन कोरडा करा, शाई पातळ लावा आणि कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकदाच टेकवा. मोबाइलने फोटो काढताना हाताची सावली पडू देऊ नका.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र (किती अपत्यं आहेत ते सांगणारं, नमुना अ) सोबत ठेवा. संगणक प्रमाणपत्र नसेल तर नेमणुकीनंतर दोन वर्षांत मिळवता येतं.

पडताळणीला मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच न्या. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतं का ते आजच पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते, आणि राजपत्राला वेळ लागतो.