रायझोबियम

रायझोबियम : शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून राहणारे आणि हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देणारे मातीतील जिवाणू. शास्त्रीय वर्गीकरणात हे आता एका प्रजातीचे (जीनसचे) नाव आहे. व्यवहारात मात्र ब्रॅडीरायझोबियम, मेसोरायझोबियम, सायनोरायझोबियम या तिच्या भाऊबंदांनाही सरसकट रायझोबियमच म्हटले जाते.

तुरीचा, हरभऱ्याचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) पुढच्या पिकाला मानवतो, हे शेतकऱ्यांना पूर्वापार माहीत आहे. त्यामागचे कारण १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. नत्र नसलेल्या वाळूत ओट खुरटले; वाटाण्याला मात्र शेतातल्या मातीचा थोडा अर्क दिला की तो जोमाने वाढे आणि त्याच्या मुळांवर गाठी येत. १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. १८९० च्या दशकात नोबे आणि हिल्टनर यांचे ‘नायट्रॅजिन’ हे संवर्धन (बियाण्याला लावायचे वाढवलेले जिवाणू) बाजारातही आले.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या रेणूतला तिहेरी बंध तोडणे कोणत्याही पिकाला जमत नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया तयार करताना कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम हेच काम मातीच्या नेहमीच्या तापमानात नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने करतो. या विकराला लोह आणि मॉलिब्डेनम लागते. ऊर्जाही भरपूर लागते : नत्राच्या एका रेणूमागे एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक द्रव्याचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा पानांत तयार झालेल्या साखरेतून येते, म्हणजे पीक नत्राची किंमत मोजत असते. म्हणूनच जमिनीत युरिया मुबलक असला की पीक गाठी करणे आवरते घेते.

गाठ तयार होण्याआधी दोघांची ओळख पटावी लागते. मुळांतून फ्लॅव्होनॉइड द्रव्ये पाझरतात. त्यांना प्रतिसाद म्हणून जिवाणू ‘नॉड’ संकेतद्रव्य सोडतात. मग मूलरोमाचे (मुळावरच्या केसासारख्या तंतूचे) टोक वळते, त्यातून एक सूक्ष्म नळी आत वाढत जाते आणि तिच्यातून जिवाणू मुळाच्या पेशींत पोहोचतात. भुईमुगात मात्र जिवाणू उपमुळे फुटतात तिथल्या फटींतून शिरतात. ऑक्सिजनने नायट्रोजिनेज निकामी होतो, पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच असतो. हा पेच लेगहीमोग्लोबिन सोडवते. आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनच्या नात्यातले हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि बेताबेताने पुरवते.

गाठी काम करतात की नाही, हे शेतातच पाहता येते. पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी सोयाबीनचे एक झाड काढून पाहावे; ते उपटू नये, कारण गाठी मातीतच राहतात. कुदळीने ढेकळासकट काढून मुळे पाण्यात धुवावीत. सोटमुळाच्या वरच्या भागात गोल, टणक गाठी दिसतील. नखाने एक फोडावी. आत गुलाबी-लाल रंग असेल तर नत्र स्थिर होत आहे. पांढुरकी गाठ कच्ची किंवा निकामी समजावी, हिरवट गाठ म्हातारी. सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठींशी गल्लत करू नये : त्या म्हणजे मुळाचीच सूज असते, सुटून येत नाहीत. रायझोबियमची गाठ बोटाने सहज निघते.

प्रत्येक पिकाला प्रत्येक जिवाणू चालत नाही. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. तूर, मूग, उडीद, मटकी, भुईमूग ही चवळी गटात मोडतात, म्हणजे त्यांना चवळीचे जिवाणू चालतात. पाकिटावरचे पिकाचे नाव त्यामुळे वाचलेच पाहिजे. महाराष्ट्रात साधारणपणे १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने लावतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, हा क्रम पाळावा. भारतात २००६ पासून जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आहेत आणि भुकटीतील संवर्धनात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. ‘जिवंत’ हा शब्द इथे कळीचा आहे. उन्हात तापलेल्या दुकानात पडून राहिलेले पाकीट नुसती भुकटी ठरते, आणि मग दोष जिवाणूला दिला जातो, हे अन्यायाचे आहे.

लावलेल्या जिवाणूंना रानातल्या स्थानिक जिवाणूंशी झुंजावे लागते. तुरीच्या, मुगाच्या जुन्या रानात त्यामुळे फरक कमी दिसतो. सोयाबीन प्रथमच घेतले जाते तिथे तो ठळक असतो. याची सर्वांत मोठी साक्ष ब्राझीलची. तिथल्या कृषिशास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांच्या आग्रहाने सोयाबीनच्या वाणांची निवड नत्रखताऐवजी जिवाणूंवर विसंबून झाली आणि आज तिथले हे अवाढव्य पीक जवळजवळ नत्रखताविना निघते. बेवडाबद्दलही एक गोष्ट नीट समजून घ्यावी : स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो. पाला, मुळे रानातच कुजली तरच पुढच्या पिकाच्या वाट्याला काही उरते.

जैवतंत्रज्ञानात या जिवाणूंचे संपूर्ण जनुकक्रम २००० पासून उपलब्ध होऊ लागले. सोयाबीनच्या लेगहीमोग्लोबिनचे जनुक यीस्टमध्ये घालून बनवलेले प्रथिन अमेरिकेत वनस्पतिजन्य ‘मांसा’ला रंग आणि चव देण्यासाठी वापरतात. गहू, भात, मका यांना गाठी आणण्याचे संशोधनही चालू आहे. मुळांवरच्या उपयुक्त बुरशीला ओळखण्याची यंत्रणा या तृणधान्यांत आधीपासून आहे आणि रायझोबियमच्या संकेताचा मार्ग बराचसा तिच्याशी सामाईक आहे, हा त्या प्रयत्नांचा आधार.