गोळीआधीचे एक मिनिट

ठाण्यातील एखाद्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सकाळच्या औषधवाटपाच्या वेळी थोडे थांबून पाहिले, तर एरवी भराभर गोळ्या देत पुढे जाणारी परिचारिका मध्येच एका खाटेपाशी थांबते, रुग्णाच्या छातीवर डाव्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवते आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण 60 सेकंद ठोके मोजते, असे दिसते. सिस्टर उगाच वेळ काढत आहेत, असे नातेवाइकांना वाटते. पण त्या रुग्णाच्या केसपेपरवर बहुधा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध लिहिलेले असते.

हे औषध डिजिटॅलिस जातीच्या वनस्पतीपासून मिळते. अंगावर सूज आलेल्या रुग्णांना तिची पाने दिल्यावर काय घडले, याच्या नोंदी इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या वैद्यांनी 1785 मध्ये प्रसिद्ध केल्या. हृदयाच्या पेशींत सोडियम बाहेर टाकणारा व पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. डिगॉक्सिन तो अंशतः अडवते, त्यामुळे पेशीत सोडियम वाढते, त्यापाठोपाठ कॅल्शियमही साचते आणि हृदयाचे आकुंचन जोरदार होते. त्याचबरोबर ठोक्यांची गतीही मंदावते, आणि नेमकी हीच बाब मोजावी लागते. प्रौढ रुग्णाचे ठोके मिनिटाला 60 पेक्षा कमी भरले, तर सर्वसाधारणपणे गोळी थांबवून डॉक्टरांना कळवले जाते.

मनगट सोडून छातीच का, तर हे औषध घेणाऱ्या अनेकांचे ठोके अनियमित असतात आणि काही ठोके इतके क्षीण पडतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी 15 सेकंद मोजून चारने गुणणे म्हणजे अंदाजपंचे कारभार.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. हृदय कमकुवत असलेल्यांना बहुधा फ्युरोसेमाइड, म्हणजे आपण जिला ‘लघवीची गोळी’ म्हणतो तीही चालू असते, आणि तिच्यामुळे लघवीवाटे पोटॅशियम निघून जाते. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन पंपावरील जागेसाठी एकमेकांशी झगडतात. पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनला मोकळे रान मिळते आणि नेहमीचाच डोस विषारी ठरू शकतो. म्हणूनच परिचारिका रक्ताचा रिपोर्ट पाहते आणि जेवण गेले का, मळमळते का, सगळे पिवळसर दिसते का, असे विचारते. पोटॅशियमसाठी शहाळी आणून पाजण्याचा उत्साह मात्र आवरावा, कारण मूत्रपिंडे अधू असतील तर तेच पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढून जिवावर बेतू शकते.

मूत्रपिंडांवरच या औषधाचा निचराही अवलंबून आहे. ती धडधाकट असतानाही रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण 36 ते 48 तास लागतात. वृद्धांत त्याहून अधिक. त्यामुळे डिस्चार्जनंतर घरी एखादी गोळी चुकली, तर पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नयेत.