५० ग्रॅम वाफ आणि एक अख्खा मासा

दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये माशाच्या ताजेपणाची खरी परीक्षा एका साध्या पदार्थात होते. अख्खा मासा वाफेवर शिजवायचा, त्यावर आलं आणि कांद्याची पात घालायची, मग कडकडीत तेल आणि सोया सॉस. मसाला नाही, तळण नाही. तिथल्या अनेक हॉटेलांत टाकीत पोहणारा मासा गिऱ्हाईक बोट दाखवून निवडतं आणि थोड्याच वेळात तोच ताटलीत समोर येतो. घरीही हा पदार्थ अर्ध्या तासात होतो. बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: मासा गरजेपेक्षा जास्त शिजतो. असं का होतं, हे समजून घ्यायला आधी वाफेची ताकद बघावी लागते.

ओव्हनमधल्या १०० अंश सेल्सियसच्या कोरड्या हवेत हात काही क्षण सहज ठेवता येतो. तितक्याच तापमानाच्या वाफेत तो क्षणात भाजतो. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅममागे सुमारे २,२६० ज्यूल उष्णता तिच्यात साठते. ही सुप्त उष्णता. वाफ थंड माशाला टेकली की तिचं परत पाणी होतं आणि साठलेली सगळी उष्णता तिथेच, माशाच्या कातडीवर मोकळी होते. मासा जिथे जास्त थंड, तिथे वाफ जास्त जमते, म्हणून उष्णता आपोआप हवी तिथे पोचते.

आता जरा आकडेमोड करू. ६०० ग्रॅमचा मासा फ्रिजमधून, म्हणजे ५ अंशांवर काढला आणि सगळाच्या सगळा ६० अंशांपर्यंत न्यायचा, तर साधारण १,२०,००० ज्यूल लागतात. त्यासाठी किती वाफेचं पाणी व्हायला हवं? जेमतेम ५० ग्रॅम. मासा शिजल्यावर ताटलीत जे गढूळ पाणी साचलेलं दिसतं, त्यातला मोठा भाग हाच. ताटली तापवायला लागलेली वाफही त्यात असते आणि माशाचा स्वतःचा रसही. मला तर ते पाणी बघायला फार आवडतं. किती उष्णता माशात गेली, त्याचा हिशोबच तिथे मांडलेला असतो.

एवढी उष्णता हवी असते का? माशाला नाही. त्याचं शरीर पाण्यात तरंगतं, वजन पेलायला जाड, चिवट जोड-ऊतींची गरज त्याला नसते. जमिनीवरच्या प्राण्यांच्या मानाने माशाच्या मांसात कोलॅजन, म्हणजे या ऊतींचं मुख्य प्रथिन, खूपच कमी असतं, आणि जे असतं ते ५०-५५ अंशांनाच विरघळू लागतं. मांसाचे आखूड तंतू कोलॅजनच्या पातळ पडद्यांनी एकमेकांना धरून असतात. ते पडदे सुटले की माशाच्या पाकळ्या होतात. मायोसिन हे प्रथिन ४० ते ५० अंशांच्या दरम्यान गोठू लागतं आणि काचेसारखं अर्धपारदर्शक मांस दुधासारखं पांढरं होतं. ६० अंशांच्या पुढे मात्र बाकीची प्रथिनंही आवळू लागतात, पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि रसरशीत मासा चोथ्यासारखा लागतो. म्हणजे नेमका शिजलेला आणि वाया गेलेला, यांत १० अंशांचंही अंतर नसतं. आणि बाहेर तर १०० अंशांची वाफ!

या पदार्थातली कसरत ती हीच. कातडीवर उष्णता बदाबदा पडते, पण आत ती मुंगीच्या पावलाने सरकते. एखाद्या गोष्टीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. म्हणून ‘इतक्या वजनाला इतकी मिनिटं’ हे गणित फसवं आहे. सारख्याच वजनाचा एक मासा चपटा आणि एक गोलसर असेल, तर दोघांना वेगवेगळा वेळ लागतो. माझं म्हणणं असं की वजनकाटा बाजूला ठेवावा आणि पट्टी घ्यावी.

पाठीच्या जाड भागावर काट्यापर्यंत दोन-तीन तिरक्या खाचा मारायच्या, म्हणजे तिथली जाडी कमी होऊन तो भाग शेपटीच्या बरोबरीने शिजतो. माशाखाली दोन चॉपस्टिक किंवा पातीचे जाड दांडे आडवे ठेवायचे. मासा ताटलीला चिकटून बसला तर वाफ फक्त वरून मिळते. उचलून ठेवला की दोन्ही बाजूंनी, म्हणजे उष्णतेला निम्मीच वाट चालावी लागते.

पाणी खळखळून उकळल्यावरच मासा आत ठेवावा. भांड्यात आधी हवा असते, आणि हवा मिसळलेली वाफ नुसत्या वाफेच्या मानाने फारच आळशी: माशाभोवती हवेचा थर राहतो आणि वाफेला कातडीपर्यंत पोचू देत नाही. सारखं झाकण उघडून बघितलं की पुन्हा तेच होतं. धातूच्या झाकणावरून पाणी ठिबकतं. बांबूचं झाकण ते शोषून घेतं, हा त्याचा मोठा फायदा.

मध्यम जाडीच्या ६०० ग्रॅम माशाला ८ ते १० मिनिटं पुरतात. शेवटची एक-दोन मिनिटं गॅस बंद करून झाकण तसंच ठेवावं. बाहेरचे थर मधल्या भागापेक्षा बरेच गरम असतात, त्यांची उष्णता आत सरकत राहते आणि काट्याजवळचं मांस आच नसतानाही शिजतं. झालं का हे बघायला सर्वांत जाड जागी चॉपस्टिक खुपसावी; ती सहज आत गेली आणि काट्याला किंचित चिकटलेलं मांस गुलाबीसर दिसलं, की ग्वांगडाँगचे दर्दी तिथेच थांबतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस मात्र आतलं तापमान ६३ अंश व्हावं अशी आहे. लहान मुलं, गरोदर बायका किंवा आजारी माणसं जेवणार असतील, तर मी बिनदिक्कत दुसरा मार्ग धरीन.

समुद्रसपाटीपासून उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, ल्हासामध्ये ८८ अंशांच्या आसपास. तिथे भात शिजवणं कटकटीचं होतं. माशाचं मात्र काही अडत नाही, त्याला हवे असतात ६० अंशच.

आता वासाकडे. समुद्री माशांच्या पेशींत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. खाऱ्या पाण्यात पेशींतलं पाणी टिकवून धरायला त्याची मदत होते. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि शिळ्या माशाचा ओळखीचा वास येतो तो याचा. म्हणून कल्ले, पोटातली काळी पापुद्री आणि काट्यालगतची रक्ताची रेघ निपटून काढावी. रक्तातलं लोह माशाच्या तेलाला लवकर खवट करतं. आल्याचे काप या वासावर चांगली मात करतात, पण शिळ्या माशाला ताजं करणं त्यांच्याही हातात नाही. वाफवताना वापरलेलं आलं आणि ताटलीतलं पाणी शेवटी टाकून द्यायचं, कारण वासाचा बराच भाग त्यातच उतरलेला असतो.

सोया सॉस आधी का घालत नाहीत? एक तर मीठ माशातलं पाणी ओढून काढतं, आणि दुसरं म्हणजे त्या ५० ग्रॅम पाण्यात सॉस पार पांचट होतो. शेवटी घातला की तो आपलं काम चोख करतो. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी याच द्रव्यात ‘उमामी’, म्हणजे मांसाच्या रश्शासारखी भरदार चव शोधली. माशाच्या स्नायूंत इनोसिनेट हे दुसरं उमामी द्रव्य असतं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. दोन चमचे सॉस आणि चिमूटभर साखर एवढ्यावर सगळा मासा खुलतो, तो या जोडीमुळे.

वाफेत काहीच खरपूस होत नाही. त्यासाठी पृष्ठभाग कोरडा आणि तापमान १४० अंशांच्या आसपास किंवा वर लागतं. ती कसर तेल भरून काढतं. पाणी ओतून टाकल्यावर माशावर ताज्या आल्याच्या आणि पातीच्या बारीक सळ्या पसरायच्या, आणि हलका धूर दिसेपर्यंत तापवलेलं दोन-तीन चमचे तेल त्यांवर ओतायचं. चर्रर्र आवाज येतो तो पातीतल्या पाण्याची क्षणात वाफ झाल्याचा. पातीतली गंधकयुक्त सुगंधी द्रव्यं आणि आल्याचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात तितकासा नाही. त्यामुळे तेल ते सगळीकडे वाहून नेतं. सॉस मात्र तेलानंतर, ताटलीच्या कडेने सोडावा. सॉसवर गरम तेल पडलं तर ते उडून हात भाजतो.

गोठवलेला मासा चालतो, फक्त तो फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण सुटा होऊ द्यावा. मध्ये बर्फ राहिला तर तो वितळवण्यातच उष्णता खर्ची पडते, आणि आतलं शिजेपर्यंत बाहेरचं कोरडं होऊन जातं.