चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेक जातात?

‘घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेक लागत नाहीत आणि स्टिअरिंग लॉक होतं’ हे आपण ड्रायव्हिंग शिकल्यापासून ऐकतोय. दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, आणि घोळ तिथेच होतो.

ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतात, इंजिनवर नाही. इंजिन फक्त बूस्टरला, म्हणजे पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम (हवेची पोकळी) पुरवतं, म्हणजे आपल्या पायाला मदत करतं. इंजिन थांबल्यावरही बूस्टरमध्ये एक-दोनदा ब्रेक मारण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. घाबरून पेडल पंपासारखं दाबत राहिलात, की तो तिथेच संपतो. मग पेडल दगडासारखं कडक लागतं आणि ‘ब्रेक फेल!’ अशी आरोळी उठते. फेल काही झालेलं नसतं. एकदाच दाबा, दाबून धरा. कडक झालं तर अंगाचा जोर लावा, गाडी थांबते.

स्टिअरिंगचंही तसंच. पॉवर गेली की ते जड होतं, पण फिरतं. चावीच्या गाडीत ते लॉक होतं चावी मागे फिरवून काढली तर, आणि घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो! गाडी थांबेपर्यंत चावी ‘ऑन’वरच ठेवा. बॅटरी शाबूत असेल तर चारही इंडिकेटर लागतात. ते लावून डावीकडे घ्या. ऑटोमॅटिक असेल तर चालत्या गाडीत ‘पी’ (पार्क) टाकू नका, ‘एन’ (न्यूट्रल) पुरे. हँडब्रेक मात्र गाडी थांबल्यावर. वेगात खस्सकन ओढलात तर मागची चाकं घसरतात.