वनातून जाणारी मलवाहिनी : पर्यावरणीय परिणामांचा तौलनिक विचार

वस्तीचे सांडपाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत नेणारी भुयारी वाहिनी झाडीतून, ओढ्याकाठच्या रानातून किंवा कांदळवनातून न्यावी का, आणि न्यायची झाल्यास कोणत्या मार्गाने व कोणत्या पद्धतीने, हे ठरवण्यापूर्वी करायची लाभहानीची तुलना. ठाणे शहरात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. पश्चिमेला येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. पूर्वेला ठाणे खाडी, उत्तरेला उल्हासची खाडी. आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढलेले शहर. वर जंगल, खाली तिवरांचे कांदळवन. पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या नवी मुंबईची ठेवणही बरीचशी अशीच आहे.

मलवाहिनी शक्य तेथे पंपाशिवाय, उतारानेच वाहती ठेवतात. नळात गाळ बसू नये म्हणून सांडपाण्याला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग लागतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या नळात तो मिळण्यासाठी साधारण २५० मीटरला एक मीटर उतार द्यावा लागतो. म्हणजे सपाट जमिनीवर किलोमीटरभर गेले की नळ चार मीटर खाली उतरलेला असतो. खोल खोदाई खर्चिक, त्यात इथे मुरुमाखाली काळा पाषाण. त्यामुळे आखणी करणारा अभियंता जमिनीचा नैसर्गिक उतार शोधतो आणि तो त्याला ओढ्याकाठी सापडतो. नेमका तोच रानाचा सर्वांत समृद्ध भाग असतो. उन्हाळ्यात डोंगर पानगळीने उघडा पडतो, तेव्हा उंबर, करंज, जांभूळ यांची सावली आणि ओल ओढ्याच्या काठानेच टिकून असते. पाखरांचा आणि जनावरांचा वावरही तिथेच एकवटतो.

प्रस्तावांमध्ये हानी मोजायचे ठरलेले माप म्हणजे तोडाव्या लागणाऱ्या झाडांची संख्या. हे माप फार तोकडे आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या हात-दोन हात मातीत पसरलेली असतात. चर उंबराच्या बुंध्यापासून दोन मीटरवरून गेला तर कागदावर उंबर वाचतो. प्रत्यक्षात एका अंगाची मुळे तुटलेली असतात. पहिल्या पावसात तो हिरवागार दिसतो. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर शेंडा वाळायला लागतो आणि एखाद्या जूनच्या वादळात झाड उन्मळून पडते. तोवर काम पुरे होऊन ठेकेदाराचे देयकही चुकते झालेले असते. पडलेल्या झाडाची नोंद वाहिनीच्या खात्यावर होत नाही.

पाण्यावर होणारा परिणाम याहून कमी दिसतो आणि जास्त टिकतो. नळाखाली व भोवती भरलेली खडी किंवा वाळू आजूबाजूच्या घट्ट मातीपेक्षा पाणी झटकन वाहू देते. डोंगरउतारावर असा चर म्हणजे जमिनीखालचा दुसरा ओढाच होतो. मातीत मुरलेले पावसाचे पाणी त्यातून निघून जाते, आणि हिवाळ्यापर्यंत ओलसर राहणाऱ्या जागा लवकर कोरड्या पडतात. यावरचा उपाय साधा आहे : चरात ठरावीक अंतरावर चिकणमातीचे आडवे बांध घालणे. पण निविदेत त्याची वेगळी बाब धरलेली नसेल, तर ठेकेदार ते स्वतःहून घालेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

वाहिनी पुरली म्हणजे काम संपत नाही. लहान व्यासाच्या वाहिनीवर सुमारे ३० मीटरला एक मॅनहोल येतो. तुंबलेली वाहिनी मोकळी करणारे वाहन प्रत्येक मॅनहोलपर्यंत जायला हवे, म्हणून रानात एक पट्टा कायमचा उघडा राहतो. त्या उजेडात घाणेरी आणि रानमोडी ही तणे शिरतात. आठ वर्षांतून एकदा फुलून मरणाऱ्या कारवीच्या उतारावर तर कामाचे वर्षही पाहायला हवे : फुलोऱ्याआधी पट्टा खरवडला, तर तिथल्या झुडपांचे बी जमिनीत पडतच नाही.

असे असले तरी वाहिनीला सरसकट विरोध करणे न्याय्य नाही. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील ८० टक्के पाणी सांडपाणी होते असे धरले, तर १०,००० वस्तीतून रोज सुमारे ११ लाख लिटर सांडपाणी निघते. वाहिनी नसेल तर ते त्याच ओढ्यातून खाडीत जाते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ही खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली. तिच्यातल्या मासळीवर कोळीवाड्यांची घरे चालतात. म्हणून ‘वाहिनी न टाकणे’ हाही एक पर्याय धरून त्याची हानी मांडावी लागते. मात्र गळकी वाहिनी दोन्हीकडून नुकसान करते. पावसाळ्यात तिच्यात बाहेरचे पाणी शिरते आणि सखल भागातले मॅनहोल उफाळून मैला थेट ओढ्यात जातो. पूरपातळीच्या वर उचललेली झाकणे आणि पक्के सांधे या किरकोळ वाटणाऱ्या बाबींवर इथे बरेच अवलंबून असते.

पर्याय मुख्यतः तीन. रस्त्याखालून वाहिनी नेऊन मलउदंचन केंद्राने पाणी चढवणे : झाडी वाचते, पण विजेचा खर्च कायमचा, आणि पंप बंद पडला की मैला बाहेर. चर न खोदता सूक्ष्म बोगद्यातून नळ ढकलणे : खर्च जास्त, परंतु रान फक्त दोन टोकांच्या खड्ड्यांपुरते मोडते. तिसरा, सांडपाण्यावर वस्तीजवळच प्रक्रिया करून पाणी तिथेच वापरणे; डोंगरालगतच्या विखुरलेल्या वस्त्यांसाठी तो आधी तपासला पाहिजे.

कायद्याची बाजू विखुरलेली आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत मलवाहिनी हा स्वतंत्र प्रकल्पप्रकार नाही. वनजमिनीसाठी १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची मान्यता लागते. राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अधिवासाची हानी आणि पाण्याचा प्रवाह वळवणे यांवर कडक बंधने घालतो. उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मधील, ज्यांसाठी वनजमीन देता येते अशा सोयींच्या यादीत पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या आहेत, मलवाहिन्यांचा उल्लेख नाही; येऊरच्या आदिवासी पाड्यांच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा ठरतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात सार्वजनिक सोयींसाठी वाहिन्या टाकू देते. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या तोडीवर कठोर निर्बंध घातले आहेत. शहरातील इतर झाडांसाठी १९७५ चा वृक्ष कायदा असून, २०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. उंबराच्या बदल्यात दूरच्या मोकळ्या भूखंडावर लावलेली रोपे ओढ्याकाठच्या सावलीची भरपाई करत नाहीत, ही या तरतुदीची मर्यादा आहे.

या परवानग्या आपापल्या कक्षेतला प्रश्न विचारतात आणि बहुधा मार्ग ठरून गेल्यावरच विचारतात. तुलना उपयोगी पडायची तर ती आखणीच्या नकाशावर रेघ ओढण्याआधी व्हायला हवी, आणि रानाची पाहणी किमान दोनदा : एकदा पावसाळ्यात, ओढे व बेडकांसाठी, एकदा हिवाळ्यात, खाडीत स्थलांतरित पक्षी असताना. प्रत्यक्ष काम पावसाळा टाळून करणे, वरची माती वेगळी राखून तीच शेवटी परत पसरणे आणि चरालगतच्या झाडांची निदान तीन उन्हाळे नोंद ठेवणे, या अटी कंत्राटात घालता येतात. अनामत रकमेचा काही भाग त्या नोंदींना जोडला तर त्या पाळल्या जाण्याची शक्यता वाढते.