फ्लॅग फुटबॉलमधला ‘ऑप्शन’ आणि मुलांचा मेंदू

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या बातम्या साहजिकच क्रिकेटने व्यापल्या. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉलही होता. अमेरिकन फुटबॉलच्या या प्रकारात प्रतिस्पर्ध्याला अंगावर धडकून पाडायचे नसते. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरपट्ट्याला लटकणारी पट्टी ओढून काढली की खेळी तिथेच संपते. अमेरिकेत लहान मुलामुलींमध्ये तो मोठ्या प्रमाणावर खेळला जातो, आणि तिथल्या प्रशिक्षकांना वारंवार पडणारा एक प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीने फार रंजक आहे: पळता पळता, समोरच्याची हालचाल पाहून निर्णय घ्यावा लागतो अशी ‘ऑप्शन’ नावाची खेळी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला शिकवायची कशी?

साध्या खेळीत चेंडू कोण घेऊन पळणार हे आधीच ठरलेले असते. ऑप्शनमध्ये ते ठरलेले नसते. आक्रमक संघ बचाव फळीतला एक खेळाडू हेरून ठेवतो आणि तो जे करेल त्याच्या उलट करतो. तो डावीकडे सरकला तर चेंडू उजवीकडे जातो, तो जागीच थांबला तर डावीकडे. मिझूरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांनी १९४१ मध्ये ही कल्पना मोठ्या फुटबॉलमध्ये रुजवली, आणि ती त्यांना सुचली बास्केटबॉलवरून, जिथे दोन आक्रमक एकट्या बचावपटूवर चालून जातात आणि तो ज्याला अडवील त्याला सोडून दुसऱ्याकडे चेंडू जातो. पुढे टेक्सास विद्यापीठाने १९६८ मध्ये आणलेल्या ‘विशबोन’ नावाच्या रचनेतून याच तत्त्वावर १९७० पर्यंत सलग तीस सामने जिंकले. तत्त्व एकच राहिले: निवड करण्याचे ओझे बचावपटूवर टाकायचे आणि त्याने केलेली निवड चुकीची ठरवायची.

मोठ्या फुटबॉलमध्ये या खेळीचा फायदा असा की ज्या बचावपटूला हेरले आहे त्याला अंगाने अडवावे लागत नाही, त्यामुळे एक अडवणारा खेळाडू दुसऱ्या कामासाठी मोकळा होतो. मुलांच्या पाच-पाच जणांच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये मात्र अंगाने अडवणे मुळातच निषिद्ध आहे. पाचही बचावपटू मोकळे असतात आणि त्यांना दूर करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे त्यांचा अंदाज चुकवणे. म्हणून ऑप्शन हा मोठ्यांच्या खेळातून उसना आणलेला अलंकार आहे, मुलांना त्याची गरज नाही, हे मत मला पटत नाही. उलट फ्लॅग फुटबॉलमध्ये धावण्याच्या खेळीला तोच खरा आधार आहे.

नियमांची एक अडचण मात्र आहे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीग एनएफएल मुलांसाठी चालवते त्या एनएफएल फ्लॅगच्या प्रचलित नियमांनुसार सुरुवातीला चेंडू घेणारा क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन, खेळी जिथून सुरू होते त्या रेषेपलीकडे धावू शकत नाही, आणि चेंडू बाजूला फेकून देण्यासही मनाई आहे. त्यामुळे दूरचित्रवाणीवर दिसणारा ऑप्शन जसाच्या तसा उचलता येत नाही. पण रेषेच्या मागे चेंडू हातातून हातात कितीही वेळा देता येतो, आणि प्रशिक्षक याच वाटेने जातात. क्वार्टरबॅक उजवीकडे धावणाऱ्या पहिल्या खेळाडूच्या हातात चेंडू देतो. उजव्या टोकाकडून दुसरा खेळाडू डावीकडे धावत येतो आणि दोघे एकमेकांना घासून जातात. त्या भेटीच्या क्षणी पहिल्याने ठरवायचे असते की चेंडू दुसऱ्याला द्यायचा की स्वतःजवळ ठेवायचा. हेरलेला बचावपटू असतो उजव्या टोकाचा. तो दुसऱ्या धावणाऱ्यामागे डावीकडे ओढला गेला तर चेंडू ठेवायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या उजव्या बाजूने निघायचे. तो जागा धरून राहिला तर चेंडू देऊन टाकायचा. उरलेले दोन आक्रमक पुढे पळत आपापल्या बचावपटूंना सोबत घेऊन जातात. मैदानाच्या मध्यरेषेपूर्वीच्या आणि जिथे पोहोचून गुण मिळतात त्या टोकाच्या क्षेत्रापूर्वीच्या पाच-पाच यार्डांत चेंडू घेऊन धावणेच वर्ज्य असल्याने तिथे ही खेळी चालत नाही.

या खेळीने नेमके काय हाती लागते, ते थोड्या आकडेमोडीने कळते. सेकंदाला पाच मीटर हा दहा-अकरा वर्षांच्या चपळ मुलाचा वेग धरू. बचावपटू सेकंदाला तीन मीटर वेगाने चुकीच्या दिशेला निघाला आहे असे मानू. आपली चूक डोळ्यांना दिसून पायांपर्यंत आज्ञा पोहोचायला त्याला ०.३ सेकंद लागले, तर तेवढ्यात तो आणखी ०.९ मीटर चुकीच्या बाजूला जातो. मग त्याला थांबावे लागते. बुटांची पकड सेकंदाला पाच मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करू देत असेल, तर थांबायला ०.६ सेकंद लागतात आणि त्यात पुन्हा ०.९ मीटर खर्ची पडतात. या एकूण ०.९ सेकंदांत चेंडूवाला साडेचार मीटर, म्हणजे जवळपास पाच यार्ड, पुढे गेलेला असतो आणि बचावपटूने अजून योग्य दिशेला पहिले पाऊलही टाकलेले नसते. पट्टी ओढायला हात पोहोचावा लागतो, आणि या वयाच्या मुलाचा हात साधारण ६० सेंटिमीटर लांब असतो. पाच मीटरच्या वेगात तेवढे अंतर सेकंदाच्या आठव्या हिश्शात कापले जाते. एवढ्याशा फरकावर जिथे खेळी ठरते, तिथे पायांच्या वेगापेक्षा निर्णयाच्या वेळेला अधिक किंमत येते.

आता हीच वेळ आक्रमकाच्या बाजूने पाहू. डोळ्यांना दिसलेल्या एकाच अपेक्षित खुणेला प्रतिसाद द्यायला प्रौढ माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. खुणा दोन असतील आणि त्यांतून निवड करायची असेल, तर वेळ वाढतो. १९५२ मध्ये ब्रिटनचे विल्यम हिक आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे रे हायमन यांनी दाखवून दिले की पर्यायांची संख्या दर वेळी दुप्पट केली की प्रतिसादाच्या वेळेत साधारण सारखीच भर पडत जाते. मुलांचा मूळ वेळच मोठा असतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट केल यांनी १९९१ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून मांडले की माहितीवर प्रक्रिया करण्याचा मुलांचा वेग वयाबरोबर वाढत जातो आणि किशोरवयाच्या मध्यापर्यंत प्रौढांच्या जवळ येतो. म्हणजे ‘या बचावपटूकडे बघ, मग त्याच्याकडे, नाहीतर पुढे पळणारा मोकळा आहे का ते पाहा’ अशी सूचना देणारा प्रशिक्षक मुलाकडून त्याच्याजवळ नसलेला वेळ मागत असतो. मुलाला एकच बचावपटू आणि एकच प्रश्न द्यायला हवा.

त्याहीपेक्षा महत्त्वाची गोष्ट प्रश्नाच्या मांडणीत आहे. ‘दे किंवा ठेव’ हा दोन समान पर्यायांचा प्रश्न झाला. अनुभवी प्रशिक्षक तो तसा विचारतच नाहीत. ते म्हणतात, ‘द्यायचाच आहे; तो वळलेला दिसला तरच ठेव.’ एक उत्तर आधीच दिलेले असते आणि मुलाला ते फक्त रद्द करायचे असते. मेंदूविज्ञानात सुरू झालेली कृती थांबवण्याच्या क्षमतेचा स्वतंत्र अभ्यास होतो. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवान यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार कृती करण्याची आणि ती रोखण्याची अशा दोन प्रक्रियांची मेंदूत शर्यत लागते. थांबण्याची खूण उशिरा आली तर कृतीची प्रक्रिया आधी पोहोचते आणि हात थांबत नाही. रोखण्याची ही प्रक्रिया निरोगी तरुणांमध्ये सुमारे पाव सेकंद घेते, लहान मुलांमध्ये त्याहून जास्त. म्हणूनच दहा वर्षांचा मुलगा ‘मला दिसलं होतं, पण हातातून चेंडू गेला’ असे सांगतो तेव्हा तो बहुधा खरे बोलत असतो. त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्याऐवजी खूण त्याला थोडी आधी कशी दिसेल, हे पाहणे उपयोगाचे आहे.

खूण आधी दिसण्यासाठी नजर कुठे ठेवायची हे सांगावे लागते. मुले बचावपटूच्या चेहऱ्याकडे किंवा हातांकडे पाहतात, आणि चेहरा व हात फसवे असतात. रग्बीत बगल देऊन निसटणाऱ्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसून आले आहे की डोके आणि खांदे खोटी दिशा दाखवू शकतात, पण शरीराचा गुरुत्वमध्य पायांनी ढकलल्याशिवाय दिशा बदलू शकत नाही. गुरुत्वमध्य कमरेच्या जवळ असतो, म्हणून ‘त्याच्या कमरेकडे बघ’ हा प्रशिक्षकांचा जुना सल्ला भौतिकशास्त्राच्या कसोटीवर उतरतो. फ्लॅग फुटबॉलमध्ये तर पट्ट्याही कमरेलाच लटकतात, त्यामुळे मुलांची नजर तिथे न्यायला वेगळे कष्ट पडत नाहीत. बचावपटूची दूरची पट्टी दिसू लागली की तो वळला, अशी सोपी खूण देता येते.

नजर बचावपटूवर असेल तर चेंडूचे काय? ते काम स्पर्शावर सोपवावे लागते. घेणारा खेळाडू देणाऱ्याच्या बाजूचे कोपर वर आणि दुसरा हात पोटाशी खाली ठेवून जागा तयार करतो, देणारा चेंडू तिथे टेकवून त्याच्यासोबत एखादे पाऊल चालतो, आणि घेणाऱ्याने झडप घालायची नसते. चेंडू सुटला असे जाणवले तरच हात मिटायचे. स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद दृष्टीपेक्षा किंचित जलद असतो, त्यामुळे ही वाटणी शहाणपणाची आहे. चेंडू पडलाच तरी फ्लॅग फुटबॉलमध्ये तो तिथेच मृत होतो, प्रतिस्पर्ध्याला उचलून पळता येत नाही. शिकणाऱ्यासाठी ही मोठीच सवलत आहे.

सराव कसा घ्यावा याविषयी संशोधन काही सांगते, पण सगळे सांगत नाही. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ मधील प्रयोगात हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकणाऱ्यांपैकी ज्यांनी त्या सरमिसळ क्रमाने केल्या ते सरावात मागे पडले, पण पुढे घेतलेल्या चाचणीत एकेक हालचाल घोटून शिकलेल्यांपेक्षा पुढे गेले. ते शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. लहान मुलांवरील अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेव्हा सुरुवातीला फक्त ‘दे’ आणि मग फक्त ‘ठेव’ असे चालत चालत घोटून घेणे, हातांना जागा कळली की प्रशिक्षकाने स्वतः हेरलेल्या बचावपटूच्या जागी उभे राहून मनाला येईल तसे वळणे, आणि हळूहळू आपले वळणे उशिरा करत नेणे, हा मध्यममार्ग मला योग्य वाटतो. प्रशिक्षकाचे वळणे जसजसे भेटीच्या क्षणाजवळ येते, तसतसे एका टप्प्यावर मुलाचा हात थांबेनासा होतो. प्रत्येक मुलाची ती मर्यादा वेगळी असते, आणि सामन्यात दोघांच्या भेटीची जागा किती दूर ठेवायची हे तिच्यावरून ठरवता येते.

सर्वांत कठीण भाग शाबासकीचा आहे. मुलाने बचावपटूला बरोबर ओळखून चेंडू दिला आणि दुसऱ्याच कुणीतरी पट्टी ओढली, तर खेळी वाया जाते; उलट न पाहता ठेवलेला चेंडूही कधी वीस यार्ड जातो. परिणाम पाहून निर्णयाचे मोल ठरवण्याची माणसाची प्रवृत्ती जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रयोगांनी दाखवली आहे, आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक तिचे सर्वांत ठळक उदाहरण आहेत. टाळ्या यार्डांना मिळत राहिल्या तर मुलगा यार्ड शिकतो, बचावपटूची हालचाल ओळखणे शिकत नाही. म्हणून खेळी संपल्यावर ‘तो कुठे वळला होता?’ एवढेच विचारावे आणि उत्तर बरोबर असेल तर खेळी फसली तरी शाबासकी द्यावी.

प्रतिस्पर्धीही शिकतच असतात. आपली हूल त्यांच्या मेंदूच्या एका मर्यादेवर चालते: एका खुणेचा प्रतिसाद ठरवत असताना लगेच दुसरी खूण आली तर तिचा प्रतिसाद रेंगाळतो, असे ॲलन वेलफर्ड यांनी १९५२ मध्ये मांडले होते. कबड्डीत पायाच्या हुलीपाठोपाठ हात लावणारा चढाईपटू याच फटीतून गुण काढतो. पण दोन-तीनदा फसलेला बचावपटू कोणत्याच खुणेला प्रतिसाद न देता मध्येच, अर्धवट वळून थांबू लागतो, आणि अशा थांबलेल्या बचावपटूसमोर दहा वर्षांचा मुलगा स्वतःच गोंधळून थिजतो. ‘द्यायचाच आहे’ हा आधी दिलेला आदेश इथे कामी येतो, कारण वळण स्पष्ट दिसले नाही तर विचारच करायचा नसतो. बचावपटू तरीही जागचा हलत नसेल, तर पुढच्या खेळीत चेंडू हातात मिळालेल्या त्याच पहिल्या खेळाडूला रेषेमागूनच पुढे फेकायला सांगता येते, कारण नियम त्याला ती मुभा देतात. मात्र ही फेक खेळीआधी घोळक्यातच ठरलेली असावी. दे, ठेव आणि फेक हे तिन्ही पर्याय धावता धावता निवडायला लावण्याची वेळ, माझ्या मते, बारा-तेरा वर्षांपूर्वी येत नाही. आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना तर ऑप्शनच देऊ नये, त्यांनी ठरलेल्या हातात चेंडू नीट द्यावा आणि मनसोक्त पळावे.