प्रिटेंडर

राजपदावर हक्क सांगणारी, परंतु सत्ता हाती नसलेली व्यक्ती, या अर्थाने इंग्रजीत रूढ झालेली संज्ञा. मराठीत तिच्यासाठी ‘तोतया’ हा शब्द चटकन सुचतो. मात्र तो नेमका नाही. पानिपतानंतर आपणच सदाशिवरावभाऊ असल्याचे सांगणारा आणि १७७६ मध्ये देहदंड झालेला इसम हा तोतया, कारण त्याने दुसऱ्याचे नाव घेतले होते. प्रिटेंडरची ओळख खरी असू शकते. वाद असतो तो हक्काचा. इंग्लंडच्या राजपुत्राचे सोंग घेऊन १४९९ मध्ये फाशी गेलेल्या पर्किन वॉरबेकलाही इतिहासकार हीच संज्ञा लावतात, त्यामुळे हा भेद इंग्रजीतही पुसट झाला आहे.

लॅटिनमधील ‘प्रेतेंदेरे’ म्हणजे पुढे ताणणे, समोर धरणे. त्यातील ‘तेंदेरे’ आणि संस्कृत ‘तन्’ यांचे मूळ एकच असल्याने ‘तंतू’ हा शब्द त्याचा दूरचा नातलग ठरतो. समोर धरणे यावरून हक्क मांडणे आणि त्यावरून खोटा आव आणणे, असा अर्थ सरकत गेला. फ्रेंचमध्ये या क्रियापदाचा दावा करणे हा अर्थ आजही प्रचलित आहे.

संज्ञेला खरी धार आली ती इंग्लंड व स्कॉटलंडवर राज्य करणाऱ्या स्ट्युअर्ट घराण्यामुळे. कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला जून १६८८ मध्ये मुलगा झाला, तेव्हा हे मूल राणीचे नसून अंथरूण ऊबदार करण्यासाठी निखारे भरून फिरवायच्या, लांब दांड्याच्या भांड्यातून ते महालात आणले गेले, अशी आवई प्रॉटेस्टंट विरोधकांनी उठवली. राजाने अनेक साक्षीदारांच्या जबान्या नोंदवून घेतल्या, तरी संशय फिटला नाही आणि वर्षअखेरीस त्याला देश सोडावा लागला. त्या आवईला पुरावा कधीच मिळाला नाही. तरीही जेम्स फ्रान्सिस एडवर्ड हा मुलगा ‘ओल्ड प्रिटेंडर’ आणि १७४६ मध्ये स्कॉटलंडमधील कलोडनच्या लढाईत पराभूत झालेला त्याचा पुत्र चार्ल्स ‘यंग प्रिटेंडर’ म्हणूनच ओळखला गेला.

ही नावे विजयी पक्षाची होती. जॅकोबाइट म्हणवणारे या पितापुत्रांचे पाठीराखे जेम्सला इंग्लंडचा तिसरा आणि स्कॉटलंडचा आठवा जेम्स मानत आणि राजाच्या नावाने पेला उचलताना तो पाण्याच्या भांड्यावरून फिरवत, म्हणजे समुद्रापलीकडे परागंदा झालेला राजा कोण, हे न बोलताच कळे.